मुक्या रांगेतली राळ

मी राळ बोलतेय. व्हायोलिनच्या गजाला लावतात ती. काडेपेटीएवढी, मधाच्या रंगाची वडी. खरं सांगायचं तर आता अर्धीच आहे. गेलेल्या अर्धीचं काय झालं, ते सांगायलाच तोंड उघडलंय.

तुम्ही मला ओळखत नसाल, तर त्यात नवल नाही. कौतुक होतं ते व्हायोलिनचं, वाजवणाऱ्याचं, आणि पुढे उभं राहून काठी हलवणाऱ्याचं तर सगळ्यात जास्त. पण गजाला जे घोड्याचे केस ताणलेले असतात, त्यांना मी लागले नाही तर ते तारेवरून नुसते घसरतात. आवाज म्हणून होत नाही. माझी पांढरी पूड त्या केसांना धरते, केस तारेला धरतात, तेव्हा कुठे सूर निघतो. हे मी फुशारकीने सांगते आहे असं वाटलं तर खुशाल वाटू द्या. फुशारकीच आहे. या वयात नाही मारायची तर कधी?

माझा जन्म जखमेतून झाला. डोंगरउतारावर पाइनचं झाड होतं. एका कामगाराने त्याच्या सालीवर तिरप्या चिरा दिल्या आणि खाली पत्र्याची वाटी अडकवली. झाड रडत होतं, असं कवी म्हणतील. झाड रडतबिडत नव्हतं. जखम बुजवायला चीक सोडत होतं, आणि तोच माणसाने पळवला. मग मला भट्टीवर उकळलं, माझ्यातलं टर्पेंटाइन रंगवाल्यांसाठी काढून घेतलं. तळाला जड, चिकट, काचेसारखं जे उरलं, ती मी. मला साच्यात ओतलं, लाकडाच्या खोबणीत बसवलं, जांभळ्या फडक्यात गुंडाळलं. एवढं सोसल्यावर अंगी चिकटपणा येणारच.

मला आणलं एका गज बांधणाऱ्या म्हाताऱ्याने. वाद्यवृंदाच्या सभागृहामागे जी गल्ली आहे, तिथे जिन्याखाली त्याची खोली होती. एक खिडकी, एक बाक, एक स्पिरिटचा दिवा. भिंतीवरच्या खिळ्यांना घोड्याच्या शेपटीचे पांढरे झुबके टांगलेले. गजाचे जुने केस कापून काढायचे, नवे दीडशे-पावणेदोनशे मोजून दोऱ्याने बांधायचे, ओल्या फणीने विंचरायचे, इवलीशी लाकडी पाचर ठोकून घट्ट बसवायचे, हे त्याचं काम. सभागृहातली मुलं त्याला शेपटीवाले आजोबा म्हणत. "शेपटी घोड्याची. मी नुसता वेणी घालणारा," असं तो म्हणायचा, आणि दर वेळी स्वतःच हसायचा.

तरुणपणी तो स्वतः वाजवत असे, एका नाटकगृहात, रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून. मग डाव्या हाताची दोन बोटं लोखंडी शटरमध्ये चेंगरली आणि वाजवणं संपलं. माणसं असं काही घडलं की एकतर त्या गोष्टीचं तोंड पाहत नाहीत, नाहीतर तिच्या उंबऱ्याशी बसून राहतात. हा बसून राहिला.

आता साबणाबद्दल सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सभागृहात किशोरांचा वाद्यवृंद होता. वर्षातून एकदा त्यांचा मोठा कार्यक्रम व्हायचा. पूर्वार्धात जुन्या उस्तादांच्या सिम्फनी, उत्तरार्धात लोकांच्या ओठावरची गाणी. गाण्यांशी माझं काही वाकडं नाही. उडत्या गाण्यालाही राळ लागतेच. वाकडं आहे ते निराळ्याच गोष्टीशी. मंचावर मुलं भरगच्च दिसायला हवीत, आईबापांना आपापलं लेकरू दिसायला हवं, पण सगळ्यांचं वाजवणं काही कानाला सोसवत नाही. मग काय करायचं? कच्च्या मुलांना शेवटच्या रांगेत बसवायचं. नुसता हात हलव, तारेला गज लावू नकोस, असं बजावून भागत नाही. वाजवायला बसलेलं पोर रंगात आलं की भान विसरतं आणि गज टेकवतं. म्हणून त्यांच्या गजांना राळेऐवजी साबण चोळायचा. मग टेकवो नाहीतर घासो, आवाज नाही. व्यवस्थापिकाबाई त्या रांगेला मुकी रांग म्हणत, अगदी सहज, कपबशांचा संच म्हणावा तसं.

आणि साबण चोळायचा कुणी? माझ्या म्हाताऱ्याने.

दरवर्षी कार्यक्रमाच्या आधी सहा गज यायचे. तो दार लोटून घ्यायचा, मला फडक्यात गुंडाळून बाकाच्या टोकाला सारायचा आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी काढायचा. ती त्याची मुलगी आणून द्यायची. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीला होती. वडी कशाला लागते, हे तिने कधी विचारलं नाही. तो चोळायचा मात्र मन लावून. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. मग ओळखायला मुठीपाशी लाल दोऱ्याची एक गाठ. वाईट काम करणाऱ्या माणसाने निदान ते वाईट तरी करावं. पण याचा हातच चांगला, त्याला तो काय करणार?

ते गज कुणाच्या हातात जातात, हे त्याने कधी विचारलं नाही. कार्यक्रमाला तो कधी गेलाही नाही. गुडघे दुखतात, म्हणायचा. गुडघे बाकी तीनशे चौसष्ट दिवस ठणठणीत असत.

त्याची नात सहा वर्षांची झाली, तेव्हा त्याने तिच्या हातात व्हायोलिन दिलं. तिला तो मुंगी म्हणायचा. एवढीशी, सारखी कामात. शाळा सुटली की ती थेट जिन्याखाली यायची आणि आईचा कारखाना सुटेपर्यंत तिथेच असायची. आधी मला गजावरून फिरवायचं, मग सूर धरायचा, अशी शिस्त. तिचा हात मला आवडायचा. जोर नाही, घाई नाही. केसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी जायची.

म्हाताऱ्याने तिला स्वरलिपी फारशी शिकवली नाही. तो गाऊन दाखवायचा, ती वाजवायची. "कागद नंतर. आधी कान," असं त्याचं म्हणणं. नाटकगृहात वाजवलेलं सगळं त्याला पाठ होतं, ते सगळं त्याने तिच्यात ओतलं. त्यात एका जुन्या सिम्फनीचा संथ भाग होता. तो शिकवताना त्याचा आवाज वेगळाच लागायचा.

तेराव्या वर्षी मुंगी किशोरांच्या वाद्यवृंदात गेली. चाचणीत तिच्या सुरावर सगळे खूश. तिला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली, आणि त्या वर्षीच्या कार्यक्रमाला नेमकी तीच सिम्फनी ठरली. म्हातारा दोन दिवस फणी हातात धरून नुसता हसत होता. छातीचं दुखणं बळावलं होतं, डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं होतं. त्याने मुलीला सांगून टाकलं, एकदा हिचा सूर त्या सभागृहात ऐकतो, मग कुलूप लावतो. गुडघ्यांचं काय, असं मुलीने विचारलं, तर म्हणे तेही बघायला येतील.

आणि इथेच घात झाला.

त्या संथ भागात आठ ओळी दोनदा वाजवायच्या असतात. कागदावर तिथे दोन टिंबं आणि जाड रेघ असते, म्हणजे मागे जा, पुन्हा घ्या. पण नाटकाच्या मध्यंतरात वेळ थोडा. म्हणून म्हाताऱ्याच्या नाटकगृहात त्या आठ ओळी एकदाच वाजवत. वर्षानुवर्षं एकदाच वाजवून तो विसरून गेला होता की तिथे पुन्हा काही असतं. फसवलं नाही त्याने. विसरला. नातीला तसंच शिकवलं.

सरावाच्या दिवशी पन्नास मुलं त्या टिंबांवरून मागे गेली आणि मुंगी एकटी पुढे. भित्रेपणाने नव्हे, चांगली ठासून. कान पक्का होता ना. पुढचा वरचा सूर तिने असा लावला की संचालकांची काठी हवेतच थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती घाबरून इतकी कागदाकडे बघत बसली की सुरुवातच चुकली. सर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त शेवटच्या रांगेकडे बोट केलं.

घरी तिने काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुम्ही शिकवलंत ते चुकलं, असं त्या छातीला हात लावून बसलेल्या माणसाला सांगायचं? तो विचारायचा, तिसरीच रांग ना? ती हो म्हणायची. मी तिच्या व्हायोलिनच्या पेटीत होते. मला सगळं ठाऊक होतं. पण राळेला कोण विचारतो?

त्या वर्षी सगळ्या मुलांना एकसारखे काळे गज मिळणार होते. चित्रीकरणात नीट दिसायला हवेत. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी व्यवस्थापिकाबाई खोकं घेऊन म्हाताऱ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, यंदा मुके बारा करा. उत्तरार्धाला ध्वनिमुद्रण लावणारच आहोत, पूर्वार्धात कशाला धोका? म्हातारा म्हणाला, बारा म्हणजे फार झाले. बाई म्हणाल्या, मुलांनाही आवडतं हो, फोटोत येतात. त्याने दार लोटलं. दरवर्षीसारखाच साबण काढला, आणि तिथेच ठेवलेल्या मुंगीच्या पेटीतून मला मुद्दाम काढून बाजूला ठेवलं, कारण सवय.

मुंगी मागून आली. दाराच्या फटीतून तिने बाक पाहिला. साबणाची ओली वडी, ओळीने मांडलेले काळे गज, आणि आजोबांच्या बोटांत लाल दोरा. ती आत आली नाही. बाहेर पायरीवर बसून राहिली. त्याने दार उघडलं तेव्हा म्हणाली, आत्ताच आले.

कार्यक्रमाच्या दिवशी म्हाताऱ्याने मला जांभळ्या फडक्यात नीट गुंडाळून तिच्या हातात दिलं. "आता ही तुझी. माझ्याकडे पडून काय करणार?" तिने मान हलवली आणि मला खिशात घातलं.

मंचामागच्या खोलीत गज वाटले. मुंगीच्या हातात जो आला त्याच्या मुठीपाशी लाल गाठ होती. बाकीच्या अकरा मुलांना ते काय आहे ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. ती मुलंही आईबाप खूश होतील या आशेवरच आली होती. मुंगी मात्र कोपऱ्यात गेली आणि मला बाहेर काढून त्या काळ्या गजावरून फिरवू लागली.

मी माझ्याकडून काही कसर ठेवली नाही. पण साबण एकदा केसांत शिरला की माझं काही चालत नाही. मी धरायला जायचे आणि घसरायचे. तिने रुमालाने केस पुसले, पुन्हा घासलं. पाण्याचं बोट लावून पुसलं, पुन्हा घासलं. तिचा तो हात, जोर नसलेला, घाई नसलेला, त्या दिवशी हातोडीसारखा झाला होता. मला बारीकसा तडा गेला. तिला कळलं, तरी ती थांबली नाही. मग मी मधोमध तुटले. अर्धी मी फरशीवर पडले, खुर्च्यांखाली घरंगळले. बाहेर घंटा झाली. तिने उरलेली अर्धी खिशात टाकली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

माझी पूड इतक्या वर्षांत म्हाताऱ्याच्या कोटाच्या बाहीत, नखांत, भुवयांतसुद्धा बसली आहे. त्यामुळे मी मंचावर होते, तशीच प्रेक्षकांतल्या पाचव्या ओळीत त्याच्या हातावरही होते. त्याचं काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नाही.

पडदा सरकला. मुलीने त्याला कोपराने ढोसलं, कुठे आहे ती? तो तिसरी रांग शोधत होता. एक टोक ते दुसरं टोक, पुन्हा परत. मग मागची रांग, मग तिच्या मागची. अगदी शेवटी दिव्यांच्या कडेला मुंगी सापडली. उंची कमी म्हणून मागे बसवलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. उंची कमी असलेलं मूल मागे कोण बसवतं? पण माणूस अशा वेळी काहीही मानतो.

सिम्फनी सुरू झाली. चाळीस गजांखालच्या तारांवरून माझ्यासारख्याच राळांची धुरासारखी बारीक पूड उडत होती. शेवटच्या रांगेत काही उडत नव्हतं. साठ वर्षं ज्याने गज हातात धरला, त्याला ते बघायला चष्मा लागत नाही. मग मुंगीने पान उलटायला हात वळवला आणि दिव्याच्या झोतात लाल गाठ दिसली.

तो हलला नाही. त्याचा पाय मात्र संथ भागाचा ठेका धरून होता, सवयीने. आठ ओळी संपल्या आणि पाय पुढच्या सुराकडे निघाला. पण समोर पन्नास मुलं मागे गेली. पुन्हा त्याच आठ ओळी. पाय अधांतरी राहिला. मुंगीचा मुका हात बरोबर मागे गेला होता. सगळ्यांसारखा, एका मात्रेचीही चूक नाही. ती शिकली होती, फक्त आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

तेव्हा म्हाताऱ्याला सगळं समजलं. शेवटची रांग कशी मिळाली, तेही. त्याने पाय मागे ओढून खुर्चीखाली घेतला.

उत्तरार्धात रंगीत दिवे, ढोल, गाणारी मंडळी. ध्वनिमुद्रणातून पन्नास काय, दोनशे व्हायोलिनं वाजत होती. लोक उभे राहून टाळ्यांनी ताल धरत होते. आईबाप मोबाइल उंचावून आपापल्या लेकराचं चित्रण करत होते, आवाज कुणाचा याच्याशी कुणाला काय करायचंय? शेवटच्या गाण्याला शेवटची रांग उभी राहिली. बारा हात एकत्र वर-खाली गेले. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना पडल्या.

बाहेर पायऱ्यांवर मुंगीच्या आईने तिला पोटाशी धरलं. बिचारीचे डोळे भरले होते. "एवढ्या सगळ्यांत मला तुझाच आवाज वेगळा ऐकू येत होता बघ," ती म्हणाली. मुंगीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पायऱ्यांकडे. तिघं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी जिन्याखाली आली. म्हातारा बाकापाशी बसला होता, समोर काही नव्हतं. तिने मला, म्हणजे माझ्या अर्धीला, बाकावर ठेवलं.

"आजोबा, साबण छान लावला होता तुम्ही. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही."

त्याने मला उचललं. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"किती घासलीस?"

"तुटेपर्यंत."

मला परत बाकावर ठेवून तो म्हणाला, "मला सांगायचंस, मुंगे."

"काय सांगू? तुम्ही शिकवलेलं चुकलं म्हणून? का तुमचा साबण मलाच मिळाला म्हणून?"

"मी कधी विचारलंच नाही, हे गज कुणाच्या हातात जातात."

"विचारलं असतंत तर माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला मिळाला असता," ती म्हणाली. "एवढंच झालं असतं."

चौदाही पूर्ण नाहीत तिला. मी शंभर मैफली पाहिल्या, पण इतका नेमका सूर कुणी लावल्याचं मला आठवत नाही. ती गेली. बरोबर आणलेलं व्हायोलिन तिने परत नेलं नाही.

बारा गज आवरून ठेवायला परत आले, तेव्हा म्हाताऱ्याने एकेकाचे केस मुळापासून कापून टाकले. साबण धुतला जात नाही, केसच बदलावे लागतात. धापा टाकत, मधे मधे दिव्यापाशी थांबत त्याने नऊ दिवसांत बाराही गज नव्याने बांधले आणि प्रत्येकावरून मला फिरवलं. व्यवस्थापिकाबाई न्यायला आल्या. त्यांनी एका गजावर बोट ओढलं. बोट पांढरं झालं. त्यांनी ते रुमालाला पुसलं आणि म्हणाल्या, आजोबा, तुम्ही आता विश्रांती घ्या. रागाने नाही म्हणाल्या. पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याकडे गेलं. साबण काय, कुणाच्याही घरात असतो.

खोलीला कुलूप लागलं, पण त्याने ठरवलं होतं तसं नाही. आता तो मुलीच्या घरी खिडकीपाशी पडून असतो. बोलतो कमी. बोलायला लागला की छाती भरून येते, मग खोकलाच बोलतो. त्याने मुंगीचा जुना लाकडी गज शेवटचा बांधला, पांढऱ्याशुभ्र केसांचा, आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. त्या केसांना अजून राळ लागलेली नाही. पहिला हात तिचा, असं त्याने म्हटलं होतं. त्याच्या खाली फळीवर, फाटक्या जांभळ्या फडक्यात मी आहे. माझी दुसरी अर्धी त्या खुर्च्यांखालून कधीच झाडली गेली.

मुंगी गजाखालून जाते, येते. त्याला हात लावत नाही. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर चादरी घड्या करते. कधी कधी घडीवर तिची डाव्या हाताची बोटं चालतात, तोच संथ भाग. आठ ओळी होतात आणि बोटं थांबतात. मागे जायचं की पुढे, ते त्यांना अजून ठरवता येत नाही. खिडकीतला म्हातारा डोळे मिटून घेतो. त्याला वाटतं आपण बघतोय हे तिला कळत नाही. तिला कळतं.

तुम्ही मुलांच्या कार्यक्रमाला जालच. टाळ्या वाजवू नका, असं मी म्हणत नाही. मी एवढंच मागते, एकदा शेवटच्या रांगेकडे बघा. तारांखाली, लाकडावर पांढरी पूड सांडलेली दिसते का ते बघा. ती मी. ती दिसली नाही, तर कार्यक्रमानंतर त्या पोरापाशी जा. छान वाजवलंस म्हणू नका. काय वाजवलंस, असं विचारा. आणि ते बोलेपर्यंत तिथून हलू नका. आईबापांची गर्दी झाली, सरांनी घाई केली, तरी हलू नका.

माझं म्हणाल तर मी कोरडी पडत चाललेय, कडा ठिसूळ झाल्यात. पण राळेचं एक असतं, झिजते फार हळू. अर्धी असले तरी एका गजाला मी जन्मभर पुरेन. फळीवरच आहे, हात पुरेल इतक्या उंचीवर.